बिनआवाजाचा अभ्यास

उकंडरावचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सोयाबीनच्या हंगामात गाड्या रात्रीच येऊन रांगेत लागायच्या, आणि उजाडायच्या आत माल उतरला नाही तर लिलावाला ओट्यावर जागा मिळायची नाही. तो उठायचा, न्हाणीत जाऊन अंगावर गार पाणी घ्यायचा. बायको वच्छलाबाई गॅसवर चहा ठेवायची. पलीकडच्या खोलीत दहावीतली रुपाली पाठांतराला बसलेली असायची. इंग्रजी शब्द, त्याचं स्पेलिंग, त्याचा मराठी अर्थ. पुन्हा शब्द, पुन्हा स्पेलिंग, पुन्हा अर्थ. उकंडरावची शाळा चौथीतच सुटलेली, त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण आवाज कळत होता. आवाज चालू आहे म्हणजे काम चालू आहे. ट्रकचं इंजिन आणि पोरीचा अभ्यास, दोन्ही तो कानाने तपासायचा.

दिवाळीनंतर तो आवाज बंद झाला.

उकंडराव चिखलीच्या धान्य बाजारात हमाल. मूळचा मोताळ्याकडचा, पण मिसरूड फुटायच्या आत इकडे आला आणि पाठीला पोतं लावलं ते लावलंच. अंगाने किरकोळ, मान आखूड, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही हा त्याचा स्वभाव. कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, पाठीवर घेण्याआधी तो त्याच्या बुडाशी हात घालून पाहायचा. ओल लागली तर खाली ठेवायचा आणि अडत्याला बोलवायचा. बाजारात वांगी घेतली तर भाजीवालीची टोपली तळापर्यंत उपसायचा. मोबाइलवर बँकेचा मेसेज आला तर तो खरा आहे का हे विचारायला बँकेत जायचा. बँकेतला माणूस म्हणायचा, काका, मेसेज आम्हीच पाठवला. उकंडराव म्हणायचा, तुम्ही पाठवला हे कोणी सांगितलं?

हमालांच्या टोळीत हा स्वभाव कोणाला खटकत नव्हता. टोळीची हमाली एकत्र जमा होते आणि सारखी वाटली जाते. त्यामुळे कोण किती उचलतो यावर प्रत्येकाचा डोळा असतो, आणि असावाच लागतो. दोघांनी मिळून कट्टा उचलताना जो वजन न घेता नुसता हात लावतो, त्याला बाजारात 'हातलाव्या' म्हणतात. उकंडरावला आयुष्यात कोणी हातलाव्या म्हटलं नव्हतं. दुसऱ्यांना तो म्हणायचा, आणि तोंडावर म्हणायचा.

आता त्याच्या घरातच पोरगी पुस्तकापुढे गप्प बसू लागली होती. पेन्सिल दातात धरायची, एका पानाकडे पाहत राहायची, मध्येच एखाद्या शब्दाखाली रेघ मारायची आणि पुन्हा गप्प. एका पहाटे तो चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला.

"काय करून राह्यली?"

"वाचून राह्यली, बाबा."

"मले तर ऐकू येत नाई."

"मनात वाचते. मॅडमनं सांगतलं, शब्द पाठ करू नका. आजूबाजूच्या वाक्यावरून अर्थ काढा."

"मनात कोनी कट्टे उचलते काय?" तो म्हणाला आणि निघून गेला. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

ही मॅडम म्हणजे प्रतिमा मॅडम. शाळेतले इंग्रजीचे जुने सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ही बुलढाण्याची बाई कंत्राटावर आली. रोज पहिल्या एसटीने यायची आणि शाळा भरायच्या आधी तासभर दहावीच्या मुलांना रिकाम्या वर्गात घेऊन बसायची. ज्याला यायचं त्याने यावं. फी नाही. हे ऐकल्यावर उकंडरावला पहिली शंका आली. एवढ्या थंडीत पहाटेची एसटी धरून कोणी फुकट शिकवायला येत नाही. येत असेल तर तिचं काहीतरी वेगळं काम असणार.

दुसरी शंका तिने स्वतःच पुरवली. एका संध्याकाळी रुपाली त्याच्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, आजोबांनी बैलजोडी विकली होती ती गोष्ट सांगा. उकंडरावने विचारलं, कशाला? ती म्हणाली, मॅडमनी घरची एक गोष्ट विचारून आणायला सांगितली आहे, तिची इंग्रजीत वाक्यं करायची. त्याने दोन-तीन वाक्यांत सांगून टाकली. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, सांगायला नको होती. या बाईला आमच्या घरच्या बैलांशी काय देणंघेणं? हल्ली फोनवरून गोड बोलून माहिती काढतात आणि खातं साफ करतात. ही पोरांच्या तोंडून घराघरातली माहिती काढत असेल तर?

मग चाचणीचा निकाल लागला. इंग्रजीच्या पेपरात न पाहिलेला उतारा असतो, वाचून उत्तरं लिहायची. त्यात रुपालीला पैकीच्या पैकी गुण. मागच्या खेपेला, पहाटेपासून घसा कोरडा करून, ती जेमतेम निघाली होती. वच्छलाबाईने शेजारी साखर वाटली. उकंडरावने ती तोंडात टाकली नाही. काम कमी झालं आणि मजुरी वाढली, असं त्याने बाजारात एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा काट्यात खोट निघाली होती.

त्याने हे टोळीतल्या पंजाबरावला सांगितलं. पंजाबराव म्हणजे उकंडरावच्या बरोबरीचा गडी, तोंडाने सैल. तो बिडी विझवत म्हणाला, "फुकट तर कोनी चहाबी पाजत नाई बे. आन् हे बाई मार्क वाटून राह्यली? पाह्य बरं, तुह्या पोरीच्या शेजारी कोन बसते ते."

रुपालीच्या शेजारी डिंपल बसायची, अडत्याची मुलगी. तिला शिकवायला घरी मास्तर यायचा. उकंडरावने दोन दिवस हा धागा ओढून पाहिला. मग कळलं की डिंपलला रुपालीपेक्षा कमी गुण आहेत. म्हणजे रुपालीने तिचं पाहून लिहिलं म्हणावं तर ते बसत नव्हतं. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. उकंडराव म्हणाला, मग पेपर आधीच फुटला असेल. बाईनेच फोडला असेल.

अडत दुकानातला दिवाणजी शेखर बी.कॉम. झालेला होता. बाजार बंद असतो त्या दिवशी उकंडराव रुपालीला तिच्या पेपरासकट त्याच्यापुढे घेऊन गेला. शेखरने त्या उताऱ्यातले शब्द एकेक करून विचारले. शब्द विचारायचा आणि अर्थ सांग म्हणायचा. रुपालीला अर्ध्याहून जास्त आले नाहीत. शेखर हसला. आमच्या वेळी शब्दार्थ पाठ असल्याशिवाय सर वर्गात बसू देत नव्हते, म्हणाला.

"तुम्ही नुसता शब्द विचारून राह्यले," रुपाली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "तो कोणत्या वाक्यात बसला हाये ते दाखवा, मग सांगते मी."

"म्हणजे पाहून," शेखर म्हणाला.

उकंडरावला तेवढं पुरलं. शब्द येत नाहीत आणि गुण पूर्ण आहेत. वाटेत रुपाली काहीतरी समजावत होती, त्याने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुपारच्या सुट्टीत मुख्याध्यापकांकडे गेला. उद्धव सर सज्जन, पण तक्रारीला फार भिणारे. रिटायर व्हायला थोडे दिवस राहिले होते आणि ते त्यांना विनाडाग काढायचे होते. उकंडरावने पाय जुळवून उभं राहून सांगितलं की तुमच्या मॅडमनी पेपर आधी फोडला असं मला वाटतं, आणि माझ्याच पोरीला त्यातले गुण मिळाले आहेत. पेपर फुटला हे शब्द ऐकून उद्धव सरांनी आधी दार लोटलं. मग ते म्हणाले की चौकशी करू, आणि तोवर सकाळचा वर्ग बंद.

हे त्याने मागितलं नव्हतं. पण बंद झाला तर झाला, असं म्हणून तो बाजारात परतला. तिथे पंजाबरावला सांगितलं, पंजाबरावने चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या ओट्यांवर झालं.

घरी रुपालीने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि उठून गेली. वर्ग बंद झाल्याचं तिला शाळेतच कळलं होतं, कोणामुळे तेही. परीक्षा मार्चमध्ये होती. बाराशे शब्दांच्या यादीशी दोन वर्षं डोकं फोडून जे जमलं नव्हतं, ते आता कुठे जमायला लागलं होतं. इंग्रजीत गचकली तर पुढचं शिक्षण थांबणार, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या थोरल्या बहिणीचं तसंच थांबलं होतं आणि पुढच्याच वर्षी तिचं लग्न लावून दिलं होतं.

"पोरीले एकदा विचारलं तरी काय?" वच्छलाबाई म्हणाली.

तो म्हणाला, विचारून काय होणार, ती नाहीच म्हणणार.

"मंग माह्यावरबी ठेवा संशय. दुधात पानी घालते का पाह्यत जा सकायी उठून."

त्याने भाकरी मोडली आणि खाली पाहून जेवला.

गुरुवारी उद्धव सरांनी त्याला बोलावून घेतलं. मॅडमनी म्हटलं होतं की चौकशी करायची तर वर्ग घेऊ द्या आणि ज्यांना शंका आहे त्यांना समोर बसवा. उकंडरावने टोळीला सांगितलं की आज येत नाही. न येणाऱ्याला त्या दिवसाचा वाटा मिळत नाही. तो शेवटच्या बाकावर बसला. गुडघे आत मावेनात, म्हणून आडवा बसला. उद्धव सर खिडकीशी खुर्ची घेऊन बसले.

प्रतिमा मॅडम त्याच्या कल्पनेपेक्षा लहान निघाली. थोरल्या पोरीच्या वयाची असेल. त्याने आधी तिचे हात पाहिले. कष्टाची खूण दिसली नाही. तिने फळ्यावर इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. मग पर्समधून डबा काढला, डब्याचा रुमाल सोडला आणि पहिल्या ओळीच्या मधोमध टाचणीने लावून टाकला. ओळीतला एक तुकडा झाकला गेला.

"रुमालाखाली काय असेल?" तिने मुलांना विचारलं. "अंदाज करा. घाई नको."

उकंडराव उठून उभा राहिला. बाक करकरला.

"मॅडम, तो रुमाल काढा."

सगळ्यांनी मागे पाहिलं. रुपालीने मान खाली घातली.

"जे शिकवायचं ते उघड्यावर शिकवा. कपड्याखालचा व्यवहार मले चालत नाई."

एक पोरगा फिसकन हसला. मॅडम हसली नाही. तिने विचारलं, "कपड्याखाली व्यवहार कसा करतात, काका?"

त्याला वाटलं होतं की ती भांडेल. भांडणाची तयारी करून आलेला माणूस प्रश्नाला तयार नव्हता. मग त्याने सांगितलं. पूर्वी गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि घेणारा दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरत. किती बोटं धरली, किती सोडली, त्यावरून भाव ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्या मालकालाही दिसायचं नाही. त्याच्या बापाची जोडी अशीच गेली. बाप तेव्हा दलालाच्या बाजूला उभा होता आणि लहानगा उकंडराव बापाच्या. दुपट्टा हलत होता एवढंच दोघांना दिसलं.

"फसवलं त्याले," उकंडराव म्हणाला. "घरापर्यंत तोंडातून शब्द काढला नाई. चहाले थांबला नाई. त्या दिवसापासून मी झाकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाई."

वर्ग गप्प झाला होता. पण तो त्याच्या बोलण्याने नव्हे, हे त्याला जरा उशिरा कळलं. पोरं फळ्याकडे पाहत होती.

"काका," मॅडम म्हणाली, "फळ्यावर तेच आहे. रुपालीने तुम्हाला विचारून आणलं होतं. तिचा नंबर आजचा होता." आणि तिने मराठीत वाचून दाखवलं. माझे आजोबा बैल विकून अमुक अमुक घरी आले. वाटेत ते कोणाशी बोलले नाहीत. ते चहालाही थांबले नाहीत. 'अमुक अमुक'च्या जागी रुमाल होता.

उकंडराव खाली बसला. घरातली गोष्ट अशी पन्नास डोळ्यांसमोर टांगलेली पाहून त्याला आधी रागच आला. पण मॅडमनी मुलांना विचारायला सुरुवात केली होती. उद्धव सर आणि काका आहेत, तेव्हा आज मराठीतून सांगा, म्हणाली.

पहिली मुलगी म्हणाली, दुःखी. मॅडम म्हणाली, कशावरून? ती म्हणाली, बोलले नाहीत ना, म्हणून. मॅडमनी तो शब्द इंग्रजीत बाजूला लिहिला आणि ती थांबली. बरोबरही म्हणाली नाही आणि चूकही म्हणाली नाही. उकंडरावला ते विचित्र वाटलं. मास्तराला उत्तर माहीत असतं, तर तो सांगत का नाही?

डिंपल म्हणाली, घाबरलेले. मॅडमनी पुन्हा तेच विचारलं, कशावरून? डिंपल म्हणाली, बैल विकले म्हणजे खिशात रोकड असणार. माझे पप्पा रोकड असली की रस्त्यात कुठेच थांबत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत.

मघाशी हसलेला पोरगा प्रसेनजित. तो म्हणाला, थकलेले. जाताना बैलांच्या संगतीनं गेले, येताना एकटे पायी आले. पायी चालून दमलेला माणूस कशाला बोलेल?

मग चौथा, पाचवा. प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारत होती, आणि उत्तराला आधार नसेल तर शब्द लिहीत नव्हती. एक मुलगी म्हणाली, आनंदी. कशावरून? सांगता आलं नाही. मॅडमनी खडू खाली ठेवला आणि ती मुलगी पुन्हा वाक्यं वाचू लागली. उकंडराव पाहत होता. ही बाई स्वतः काही उचलत नव्हती, पण ज्याच्या पाठीवर वजन आहे त्याला मध्येच खाली ठेवू देत नव्हती.

"फसवले गेलेले," शेवटी मॅडम म्हणाली. "काका म्हणतात ते. या तीन वाक्यांत ते कुठे दिसतं?"

उकंडराव म्हणाला की मी तिथे होतो.

रुपाली उभी राहिली. चार दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"तुम्ही होते, बाबा. पन आजोबानं तुम्हाले सांगतलं काय, का मले फसवलं म्हणून?"

"नाई."

"भाव किती आला हे तरी सांगतलं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मंग कशावरून म्हणता?"

बापाने त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत काही सांगितलं नाही. भाव चांगला आला की वाईट, हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. त्या जोडीतला एक बैल बापाने वासराचा मोठा केलेला होता, ते मात्र त्याला आत्ता आठवलं. उकंडरावपाशी होता तो बापाचा गप्पपणा आणि हलणारा दुपट्टा. बाकीचं त्याने स्वतः भरलं होतं.

"आन् मी कॉपी केली, मॅडमनं पेपर फोडला, हे कशावरून?"

"आवाज येत नोता," उकंडराव म्हणाला.

या वेळी प्रसेनजितही हसला नाही.

थोड्या वेळाने उकंडरावने विचारलं की मग रुमालाखाली शब्द कोणता आहे. मॅडमनी टाचणी काढली. खाली फळा कोरा होता. ती म्हणाली, रोज मी शब्द लिहून झाकते. आज लिहिला नाही, कारण रुपालीने वहीतही ती जागा मोकळीच ठेवली होती. आजोबांना काय वाटलं असेल ते मला ठरवता येत नाही, म्हणाली होती.

उद्धव सरांनी मग खिशातून इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. ते त्यांनी सकाळी घरी स्वतः कापलं होतं आणि कोणाला दाखवलं नव्हतं. रुपालीला पुढे बसवून वाचायला दिलं. उकंडराव उठून तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला, कारण लांबून पाहणं त्याला पटत नव्हतं. तिने वाचायला सुरुवात केली. ओठ बंद. नजर पुढे जायची, एका जागी अडायची, मागच्या ओळीवर जायची, पुन्हा त्याच जागी यायची. चपलेतून बाहेर आलेली पायाची बोटं फरशीला घट्ट धरून होती. श्वास धरला होता आणि ओळ संपली की सुटत होता. हा श्वास त्याच्या ओळखीचा होता. ट्रकच्या फळीवरून चढताना कोणताही हमाल असाच श्वास धरतो, आणि तेव्हा तो बोलत नाही.

तिने प्रश्नांची उत्तरं दिली. दोन शब्द तिने आयुष्यात पाहिले नव्हते, ते तिने आधीच सांगितलं. त्यातल्या एकाचा अर्थ तिने बरोबर काढला आणि तो कशावरून काढला तेही दाखवलं. दुसऱ्याचा चुकला. तो चुकला म्हणून उकंडरावचा विश्वास जास्त बसला.

उद्धव सरांनी कात्रणाची घडी केली. कॉपीचं काही दिसत नाही, म्हणाले. मॅडमवरही ठपका नाही. पण सकाळचा वर्ग आता शाळेत नको. उकंडराव म्हणाला की मी तक्रार मागे घेतो. उद्धव सरांनी चष्मा पुसला.

"तुम्ही मागे घ्याल हो. पण बाजारात पेपर फुटल्याचं झालंय, आणि ते तुम्हीच केलंय. उद्या दुसरा कोणी येईल. शाळेच्या वेळेआधी वर्ग उघडायची जबाबदारी मी नाही घेऊ शकत."

त्याने पुन्हा एकदा विनंती केली. उद्धव सर उठून गेले.

संध्याकाळी तो बसस्टँडवर गेला. बुलढाण्याच्या गाडीची वाट पाहत मॅडम बाकावर बसली होती. त्याला पाहून तिने पर्स मांडीवर घेतली. माफी मागायला त्याला जमत नव्हतं, म्हणून त्याने जे विचारायचं होतं तेच विचारलं. तुम्ही फुकट का शिकवता?

मॅडमने गाडी येते का ते पाहिलं. मग म्हणाली, "फुकट नाही शिकवत, काका. माझं कंत्राट वर्षाचं आहे. दहावीचा इंग्रजीचा निकाल चांगला लागला तर पुढच्या वर्षी ठेवतील, नाहीतर दुसरी कोणी येईल. शाळेच्या तासात पन्नास पोरांना हे शिकवून होत नाही."

उकंडरावच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतके दिवस तो हिचं काम शोधत होता आणि ते हे निघालं. पोटासाठी राबणारी बाई. त्याला ती समजली.

"मंग ठीक हाये," तो म्हणाला. "मी जागा पाह्यतो."

आता शंका घ्यायची पाळी मॅडमची होती. कुठली जागा, कोणाची, भाडं कोण देणार, तुम्ही का देणार, आणि उद्या पुन्हा काही वाटलं तर कोणाकडे जाणार? त्याने सगळी उत्तरं उभ्यानेच दिली. शेवटच्या प्रश्नाला म्हणाला, तुमच्याकडेच येईन. तिने हो म्हटलं नाही. आधी खोली पाहीन, म्हणाली, आणि गाडीत चढली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत जनकाबाईची खोली होती. जनकाबाई म्हातारी, एकटी. नवऱ्यामागे जुन्या पोत्यांचा धंदा तिने बरीच वर्षं चालवला आणि मग सोडला. खोलीत आता रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या आणि उंदीर होते. उकंडराव म्हणजे खुसपटं काढणारा माणूस, हे तिला ठाऊक होतं. तो खोली मागतो म्हटल्यावर तिने दाराची कडी सोडली नाही.

"इंग्रजी शिकवाले पोत्याची खोली कायले लागते रे? खरं सांग, काय ठेवतं मधात?"

पोरं ठेवतो, तो म्हणाला. तिला पटलं नाही. तिने दहावीची दोन पोरं समोर आणून दाखवायला लावली, मॅडम कुठली हे विचारलं, आणि मार्चपर्यंतचं भाडं आगाऊ मागितलं. उकंडरावनेही छतावर चढून पत्रे तपासले, मीटर चालू आहे का पाहिलं, भिंतीला ओल आहे का ते हाताने पाहिलं. दोघांचं समाधान व्हायला तीन फेऱ्या गेल्या.

पोती त्याने एकट्याने काढली. पंजाबराव मदतीला आला होता, पण दोन थप्प्यांनंतर चहाला गेला आणि परतला नाही. उकंडरावने भिंतींना चुना मारला, उंदरांची बिळं सिमेंटने बुजवली आणि फळ्यासाठी प्लायवूडच्या तुकड्याला काळ्या रंगाचे दोन हात देऊन तो सुकवला. रुपाली मदतीला आली. ती अजून त्याच्याशी फारसं बोलत नव्हती. पण फळा भिंतीला लावताना तिने दुसरी बाजू धरली, आणि वजन घेतलं.

सोमवारी मॅडम पहिल्या गाडीने आली. दारात उभी राहून तिने खोली पाहिली, फळ्यावर बोट फिरवून पाहिलं, मग आत गेली. थोडी मुलं आली होती. ज्यांच्या घरी पेपर फुटल्याचं पोचलं होतं ती आली नाहीत, त्यातली काही पुढच्या आठवड्यात आली, काही आलीच नाहीत. डिंपल आली. उकंडराव त्या वेळी ओट्यावर होता. कट्टे उतरवता उतरवता त्याने गल्लीकडे कान दिला, पण काही ऐकू आलं नाही, आणि त्याने पुढचा कट्टा घेतला.

हंगाम संपल्यावर टोळीची हमाली वाटली गेली, भाड्यासाठी घेतलेली उकंडरावची उचल त्यातून कापून. वच्छलाबाईने मिक्सरचं मनात धरलं होतं, ते तिने पुढच्या हंगामावर टाकलं. त्या वर्षीच्या सोयाबीनने उकंडरावच्या पाठीवरून जाऊन जनकाबाईच्या खोलीचं मार्चपर्यंतचं भाडं भरलं, चुना आणला, आणि हिवाळ्यातल्या अंधाऱ्या सकाळी पोरांना फळ्यावरचं अक्षर दिसावं म्हणून एक ट्यूबलाइट लावली.